तांदळाच्या पिठाचं मैदान

नाही सर, कोंबड्यांचं नाव आता घेऊ नका. रेघ तुम्हीच सरकवलीत. चांगली हातभर अलीकडे. आणि वर मलाच विचारताय, "काय गो, आज कशी पटकन पोचलीस?" पटकन पोचले म्हणे! तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे भांडण माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून बसलेय लिहायला. लिहिणं हाच माझा उद्योग झालाय आता. माझं लिहिलेलं लोकांना कळत नाही, वाक्यं उलटीपालटी असतात, सुरुवात शेवटाला असते, असं म्हणतात. पण तुमच्यासमोर तसलं काही चालायचं नाही. प्रार्थनेच्या रांगेत कोणी अर्धं पाऊल तिरकं उभं राहिलं तरी तुम्हाला शाळेच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. तेव्हा सरळ लिहिते. पहिल्यापासून.

अकरावीला होते. मानेला गाठ आली, आधी वाटलं दाढेमुळे असेल. मग डॉक्टर, मग दुसरे डॉक्टर, मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल, आणि तिथे बाबांना बाजूला घेऊन कोणीतरी शब्द सांगितला. बाबा नगरपालिकेत क्लार्क. आयुष्यभर लोकांचे अर्ज वाचलेला माणूस, तो रिपोर्टचा कागद उलटा धरून बसला होता. कॅन्सर. लिम्फच्या गाठींचा, बरा होण्यासारखा, असं डॉक्टर म्हणाले. सहा वेळा औषध चढवायचं, दर तीन आठवड्यांनी. बरा होण्यासारखा हे आईबाबांनी ऐकलं. मी पहिलाच शब्द ऐकला आणि तिथेच थांबले.

पहिल्या दोन वेळा कशा गेल्या ते लिहीत नाही, सगळ्यांच्या तशाच जातात. ओकाऱ्या, उशीवर केस, तोंडाला लोखंडाची चव. पण खरा त्रास तो नव्हता सर, हे मी कोणाला सांगू शकले नाही. खरा त्रास कॉटचा होता. आमच्या कोन गावातल्या घरात पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझी कॉट लावली आणि आईने फर्मान काढलं, "पडून राहायचं. ताकद साठवायची." ताकद म्हणजे काय डब्यातलं तूप? पण घरात, गल्लीत, नात्यात सगळ्यांचं हेच मत. आजारी माणूस जेवढा हलेल तेवढा झिजेल. मी पाणी घ्यायला उठले तरी आई धावत यायची. जी मुलगी कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या सात जणी मागे सरकायच्या, तिला चमच्याने भरवायचे. बघायला येणारे दारातूनच बघायचे, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं, गर्दी नको, हात लावू नका, हिला जंतू लागतील. पण काही जण हिचं आपल्याला लागेल म्हणूनही लांब उभे राहायचे, आणि ते मला लगेच कळायचं. दोन्हींची नजर वेगळी असते.

दिवसभर पलीकडच्या शेडमधले कापडाचे लूम खडखडत असतात. लहानपणापासून तो आवाज ऐकत असल्यामुळे तो ऐकूच यायचा नाही. लोडशेडिंग झालं की तेवढा वेळ एकदम शांत व्हायचं, आणि त्या शांततेत माझं डोकं सुरू व्हायचं. मरणार. नाही मरणार. मेले तर आई. नाही मेले तर पुन्हा येईल. तेच. छातीत धडधड, हात थंड, झोप नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचे. बोलणं बंद केलं. तिसरी वेळ झाल्यावर बाबांना सांगितलं, "आता मी येणार नाही." रागाने नाही, रडून नाही. दुकानदाराला पिशवी नको म्हणावं तसं. बाबा दारात उभे राहिले, मग आत गेले, आणि मला वाटतं तिथूनच त्यांनी तुम्हाला निरोप पाठवला. दुसऱ्या कोणाला पाठवणार होते? देवाला आईने आधीच पाठवलेला होता.

तुम्ही आलात. आधी एम-एटी गाडीचा आवाज, मग तुमचं पोट, मग तुम्ही. नारळपाणी नाही, फळं नाही, "कशी आहेस बाळा" नाही. कुंपणाच्या बाहेरच उभे. आणि खिडकीतून मला पहिलं वाक्य काय? "तालुक्याच्या लिस्टमध्ये तुझं नाव अजून हाय. खोडायचं असंल तर तू येऊन खोड. मी कोणाचं नाव खोडत न्हाय."

"सर, तिला बरं नाही," आई म्हणाली.

"माहीत हाय वहिनी. म्हणून तर घरी आलो. बरी असती तर ग्राउंडवर बोलावलं असतं आन् उशिरा आली म्हणून उठाबशा काढायला लावल्या असत्या."

मी भिंतीकडे तोंड केलं. पण कित्येक दिवसांनी मला कोणाचा तरी राग आला होता, खरा राग, आणि रागात धडधड नसते हे मला त्या संध्याकाळी कळलं.

तुमचं मोठेपण काय, हे मला पुढे कळलं. तेव्हा तुम्ही आडदांडच वाटायचात. तुम्ही त्याच दिवशी मला उठवू शकला असतात. उठवलं नाहीत. वहीचं पान फाडून त्यावर प्रश्न लिहिलेत आणि बाबांच्या हाती दिलेत, हॉस्पिटलात डॉक्टरांना विचारायला. तुमच्या त्या ठोकळ्यासारख्या अक्षरात. हिने चालावं का? किती? दम लागला तर काय? कोणत्या दिवशी अजिबात नको? डॉक्टरांनी उत्तरं लिहून दिली. चालावं. थोडं थोडं, रोज. ताप असेल तर नाही, रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या तर विचारून, चक्कर आली की लगेच थांबायचं. आणि शेवटी एक ओळ, की चालण्याने मनालाही बरं वाटेल. आईने तो कागद तीनदा वाचला. "डॉक्टर म्हणतात चालू दे?" तुम्ही म्हणालात, "मी न्हाय म्हणत वहिनी, डॉक्टर म्हणतात. मी नुसता शिट्टीवाला." तो कागद तुम्ही घडी करून शिट्टीच्या खिशात ठेवलात आणि रोज संध्याकाळी काढून वाचायचात, जणू काल वाचलाच नव्हता.

चालायचं कुठे? रस्त्यावर धूळ, माणसं, ट्रक. मग तुम्ही आमच्या अंगणातच मैदान आखायचं ठरवलंत. आधी चुन्याची फक्की आणलीत शाळेतून. आई किंचाळली, चुना हिच्या नाकातोंडात गेला तर? तुम्ही शाळकरी पोरासारखे ओशाळलात, फक्की परत गाडीला लावलीत, आणि म्हणालात, "मग पीठ द्या तांदळाचं." आईने दिलं. भाकरीचं पीठ, वाटीभर. दाराची पायरी म्हणजे मध्यरेषा. तिथून निदान रेषा, म्हणजे चढाईला गेलेलीने कमीत कमी जिथे पोचलंच पाहिजे ती रेघ. मैदानावर मी ती न बघता ओलांडायचे. तुम्ही टेप लावून तीन मीटर मोजलेत, वाकलात, पोट मध्ये येतंय म्हणून गुडघ्यावर बसलात, आणि पीठ चिमटीतून सोडत सरळ रेघ काढलीत. इतकी सरळ की बाबा म्हणाले, सर, तुम्ही आमच्या ऑफिसात हवे होतात.

दुसऱ्या दिवशी रेघ गायब. शेजारच्या मावशीच्या कोंबड्यांनी सकाळीच साफ केली. मावशी कुंपणावरून हसते आहे, "मास्तर, माझ्या कोंबड्यांना दाणा घालाची गरज न्हाय आता. असंच रोज येत जा!"

"अंडी दे मग पोरीला," तुम्ही म्हणालात.

"देईन की. पर तिची आई घेईल का माझ्याकडची?" कारण याच मावशीने पहिल्या महिन्यात आमच्या घरचा चहा नको म्हटलं होतं, आणि आईने ते धरून ठेवलं होतं. आईने घेतली अंडी. दोघी त्या दिवशी कुंपणापाशी बराच वेळ बोलल्या, तुमच्या मैदानाच्या दोन बाजूंना उभ्या राहून. हे तुम्ही मुद्दाम केलंत असं मी आधी एका कथेत लिहिलं होतं. मग खोडलं. तुम्हाला खरंच फक्त अंडी हवी होती.

पहिल्या दिवशी मी कॉटपासून पायरीपर्यंत आले आणि पायरीवर बसले. तुम्ही म्हणालात, "झालं. उद्या." बस्स? मला तर चढाई करायची होती. "उद्या," तुम्ही म्हणालात आणि गाडीला किक मारलीत. मग एक चढाई. मग दोन. "कबड्डी कबड्डी" मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात, जाताना आणि येताना, दम टिकला तर टिकला. समोर पकडायला कोणी नाही. शिवायला कोणी नाही. ज्या खेळात सगळं स्पर्शावर चालतं तो खेळ, आणि मला तर हात लावायची बंदी. तुम्ही कुंपणाबाहेर उलट्या बादलीवर बसलेले, रुमालाने मान पुसत, माझ्या पायांकडे बघत. तोंडाकडे नाही, डोक्यावरच्या रुमालाकडे नाही, पायांकडे. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं तेव्हा. "डावा पाय घासतेस," तुम्ही म्हणता. "आजारी आहे मी," मी म्हणते. "आजारी हायस ते ठीक. घासू नको."

जादू वगैरे झाली नाही, हे लिहिलंच पाहिजे. औषध औषधाचं काम करत होतं, चालण्याने गाठ विरघळली नाही. पण झोप लागायला लागली. संध्याकाळी सहा चढाया केल्या की रात्री पाय दुखायचे, आणि दुखणाऱ्या पायांबरोबर झोपता येतं. मरणाच्या विचाराबरोबर येत नाही. रडू यायचंच. पण आता ते चालताना यायचं, आणि चालताना आलेलं रडू थोड्या वेळात आपोआप आटपतं. असं झालं की तुम्ही बादलीवरून उठायचात, पाठ फिरवून कोंबड्यांना हाकलायला लागायचात. एकदा तर तिथे एकही कोंबडी नव्हती. तुम्ही हाकलतच होतात. "हाड! हाड!" मी रडता रडता हसले. आईने आतून ऐकलं आणि ती बाहेर आली नाही, हे तिचंही शहाणपण. मी जेवायला मागायला लागले, भाकरी कडक झाली म्हणून भांडायला लागले. चौथ्या वेळेला मी गेले. बाबांनी विचारलंही नाही, नुसती फाइल उचलली, मी चपला घातल्या.

चौथ्यानंतर मात्र अंगातलं सगळं काढून घेतल्यासारखं झालं. दहा दिवस नुसती पडून. मग पुन्हा पायरी, पुन्हा एक चढाई. आणि गंमत म्हणजे मी पोचत होते! दम कमी, पाय कापताहेत, पण रेघ येतेच आहे. मी मनात हिशेब मांडला की आतून मी बरी होतेय, अंगाला अजून कळलेलं नाही एवढंच. त्यावर पाचव्याची तयारी केली. सगळी हिंमत त्या एका रेघेवर उभी होती.

त्या आठवड्यात घारीने मावशीची दोन पिल्लं नेली. तिने कोंबड्या दोन दिवस डालग्याखाली झाकून ठेवल्या. झालं. पीठ खायला कोणी आलंच नाही. पाचव्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखी रेघ काढलीत, पोट सांभाळत, आणि बादलीवर जाऊन बसलात. मी चढाईला निघाले आणि मध्येच थांबले. समोर दोन रेघा. एक आजची, पांढरीशुभ्र. तिच्या पलीकडे दोन बोटांवर कालची, मळलेली. तुमच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण कोंबड्या रोज तुमचा पुरावा खाऊन टाकत होत्या. मी टेप मागितला. तुम्ही म्हणालात, "गाडीत राह्यला." टेप तुमच्या खिशातून अर्धा बाहेर लोंबत होता. मी पावलांनीच मोजलं. तीन मीटरमधलं जवळजवळ हातभर गेलं होतं.

कित्येक महिन्यांत मी एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. "मला काय बालवाडीतली समजता? जिंकल्याचं खोटं खोटं नाटक?" शेजारी बाहेर आले. "रेघ खोटी तर सगळंच खोटं. मी बरी होतेय हेही खोटं. उद्या मी जाणार नाही. सांगा बाबांना. जाणारच नाही!"

तुम्ही आधी म्हणालात, कोंबड्यांनी... मग डालग्याकडे बघितलंत. जिल्ह्याच्या फायनलला पंचाने चुकीचं बाद दिलं तेव्हा टेबल उलटं करणारा माणूस तुम्ही. तुम्ही रुमाल काढलात, मानेला लावलात, आणि तिथेच धरून ठेवलात.

"सरकवली," तुम्ही म्हणालात. "रोज थोडी थोडी."

"का पण?"

"तुझ्यासाठी न्हाय गो. तुला काय, तू बिनरेघेची पण चालशील. तुझा दम लागला का माझ्याच्यान बघवत न्हाय. छातीत गोळा येतो. भीती वाटते मला. म्हणून लवकर पोचवत व्हतो तुला. लवकर पोचलीस का लवकर बसशील."

आई दारात. बाबा तिच्या मागे. आणि मला काय झालं ते मी आजवर नीट मांडू शकलेले नाही, इतकं लिहूनही. तोपर्यंत मला वाटायचं, भीती एकट्या माझ्या कॉटवर आहे, बाकी सगळे पलीकडच्या काठावर उभे राहून मला धीर देताहेत. धीर, धीर, धीर. आणि इथे शंभर किलोचा माणूस आमच्या कुंपणाला धरून सांगतोय की तो माझ्याएवढाच घाबरलेला आहे, आणि तरी रोज गाडी काढून येतोय.

मी पिठाची वाटी उचलली. वाकले, चक्कर आली, बसले, बसल्या बसल्याच रेघ काढली. वाकडी. तुमच्या रेघेपेक्षाही अलीकडे. कारण मला खरोखर तेवढंच जमत होतं त्या दिवशी, आणि डॉक्टरांच्या कागदातही तेच होतं, की जमेल तेवढंच. "ही माझी," मी म्हटलं. "आजपासून मी काढणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात.

"आणि टेप खिशात नीट ठेवा."

"बरं गो बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. पाचवी वेळ. मग सहावी. माझी रेघ कधी पुढे गेली, कधी मागे आली, तुम्ही एकदाही टोकलं नाहीत. वाकडी आहे एवढं मात्र रोज म्हणालात.

मी पुन्हा टीममध्ये खेळले नाही. तालुक्याच्या लिस्टमधलं नाव त्या वर्षी मीच येऊन खोडलं, तुमच्यासमोर, आणि तुम्ही पेन दिलंत. कल्याणला कॉलेजला गेले, नाटकं केली, वाक्यं मोडायला शिकले. तुम्ही झोपेतच गेलात तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. हार्ट. काल्हेरच्या तुमच्या घराच्या जागी आता गोदाम आहे, हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवणार, शटरखालून सरकवू?

पण पाठवत नाही त्याचं कारण तेही नाही. शाळेने शोकसभा ठेवली होती. मला बोलायला उभं केलं, मी लिहिणारी म्हणून, आणि आजारातून वाचलेली म्हणून. मी छान बोलले सर. फारच छान. म्हणाले, "सरांना भीती हा शब्द माहीत नव्हता." लोकांनी डोळे पुसले. मला ते वाक्य आदल्या दिवशीच सुचलं होतं आणि आवडलं होतं. तुम्ही कुंपणाला धरून जे बोललात, ज्याच्यामुळे मी दुसऱ्या सकाळी चपला घातल्या, तेच मी गाळलं. वाटलं, एवढ्या लोकांत तुम्ही लहान दिसाल. सभा संपल्यावर काकू माझ्यापाशी आल्या. तुमच्या मिसेस, पांढऱ्या साडीतल्या. हळूच म्हणाल्या, "भित्रे व्हते गो ते. तुझी दवाखान्याची तारीख असली का जेवण जायचं न्हाय त्यांना. गॅलरीत फेऱ्या मारायचे." मी काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. रिक्षा थांबलीय म्हणून सटकले. पुन्हा त्यांच्याकडे कधी गेले नाही.

अजून एक. उद्या माझी वर्षाची तपासणी आहे. इतकी वर्षं सगळं व्यवस्थित आलंय, उद्याही येईल बहुतेक. आई दरवर्षी विचारते, एकटी जाशील ना, भीती नाही ना वाटत? आणि मी म्हणते, छे, सवय झाली आता. खोटं आहे. आठवडाभर आधीपासून माझे हात थंड पडतात. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं. आता लगेच काही बोलू नका, आईला हाक मारायची आहे मला, तिलाही हे सांगायचंय. चालले.